पाठीवरचे वजन कोण मोजणार?

साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला जायचे तर रस्त्याने साधारण सव्वाशे किलोमीटर पडतात. गाडीने हे दोन-अडीच तासांचे काम. आता हेच अंतर एका दिवसात, एकाच घोड्यावर बसून कापायचे आहे असे समजा. शिवाय अट अशी, की सांगलीत पोहोचल्यावर घोडा लंगडता कामा नये, त्याच्या अंगातले पाणी आटलेले नसावे आणि पुढे चाल म्हटले तर त्याने चालावे. लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा, म्हणजे एंड्युरन्सचा, खेळ नेमका हाच आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या प्रतवारीत १०० ते ११९ किलोमीटरची स्पर्धा एका ताऱ्याची, १२० ते १३९ किलोमीटरची दोन ताऱ्यांची आणि १४० ते १६० किलोमीटरची तीन ताऱ्यांची. सातारा-सांगली हा पल्ला दोन ताऱ्यांत बसेल. भारतातही इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या अखत्यारीत या प्रकारच्या स्पर्धा होतात.

या खेळात पंचांपुढे एक अवघड प्रश्न असतो. दोन घोडे एकाच वेळी, सारख्याच ताज्या अवस्थेत पोहोचले. एकाच्या पाठीवर ६० किलोचा स्वार होता आणि दुसऱ्याच्या पाठीवर ९० किलोचा. दोघांना सारखेच गुण द्यायचे का? दिवसभर ३० किलो जास्त वाहणाऱ्या घोड्याने जास्त काम केले हे तर उघड आहे. मग ते गुणांत कसे मोजायचे?

प्रश्न खेळातला असला तरी त्याचे उत्तर आपल्या फार जवळचे आहे. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांपुढे हाच हिशेब रोज उभा राहतो. तिथे तो मांडायला पंच नसतो, एवढाच फरक.

इथे पंच म्हणजे पशुवैद्य

रेसकोर्सवरच्या शर्यतीत जो आधी पोहोचला तो जिंकला. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत तेवढ्याने भागत नाही. पल्ल्याचे टप्पे पाडलेले असतात आणि कोणताही टप्पा ४० किलोमीटरपेक्षा मोठा नसतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पशुवैद्यांचे पथक घोडा तपासते. ठरलेल्या मिनिटांत नाडीचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याहून कमी झाले नाहीत, तर घोडा तिथेच बाद. विश्रांती घेत असलेल्या निरोगी घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा पडते आणि जोरात दौडताना हाच आकडा दोनशेच्या वर जातो. त्यामुळे ठोके किती लवकर खाली येतात, यावरून घोडा आतून किती थकला आहे हे बऱ्यापैकी कळते.

नाडीनंतर मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली नाही, तर शरीरातले पाणी कमी झालेले असते. हिरडीवर बोट दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात. पोटाला नळी लावून आतड्याची गुडगुड ऐकतात, कारण थकलेल्या घोड्याच्या आतड्याचे काम मंदावते आणि त्यातून जिवावर बेतणारी पोटदुखी उद्भवू शकते. खोगिराखाली पाठ दाबून पाहतात. शेवटी घोड्याला सरळ रेषेत दुडकी चालवून तो कुठल्या पायाने लंगडतो का, हे तपासतात.

याच दुडकीचा आणखी एक उपयोग आहे. आधी नाडी मोजतात, मग घोड्याला सुमारे ३८ मीटर नेऊन परत आणतात आणि पहिल्या मोजणीनंतर बरोबर एक मिनिटाने पुन्हा नाडी मोजतात. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा त्याहून कमी आला तर घोडा ठीक. तो वाढला तर आत काहीतरी बिघडते आहे. एवढी साधी चाचणी, पण कान आणि घड्याळ याखेरीज काही न लागणारी.

वजनाचे गुण

पहिल्या आलेल्या घोड्याखेरीज या खेळात आणखी एक मान असतो, तो उत्तम अवस्थेतल्या घोड्याचा. अनेक स्वारांना तो पहिल्या क्रमांकापेक्षा मोलाचा वाटतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून जाणारी टेव्हिस कप ही एका दिवसात १०० मैलांची घोडदौड १९५५ पासून भरते. तिथेही पहिल्या दहांत आलेल्या, पण सर्वांत चांगल्या स्थितीत असलेल्या घोड्यासाठी हॅगिन कप हा वेगळा चषक आहे.

अमेरिकन एंड्युरन्स राइड कॉन्फरन्स ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. उत्तम अवस्थेचा घोडा निवडण्याची तिची गुणपद्धत अगदी शाळेच्या गुणपत्रिकेसारखी आहे. एकूण गुण ८००. त्यातले ५०० पशुवैद्याच्या हातात असतात: पूर्ववत होण्याचा वेग, अंगातले पाणी, जखमा आणि दुखरेपणा, पायांचा निर्दोषपणा आणि चालीचा डौल अशा पाच बाबींना प्रत्येकी शंभरपर्यंत. २०० गुण वेळेचे. सर्वांत वेगवान घोड्याच्या मागे जितकी मिनिटे, तितके गुण वजा. उरलेले १०० गुण वजनाचे. पहिल्या दहांतल्या सर्वांत जड स्वाराला पूर्ण शंभर मिळतात आणि बाकीच्यांचे, तो जितके पौंड हलका त्याच्या निम्मे गुण कापले जातात. स्वाराचे वजन खोगीर आणि सामानासकट काट्यावर घेतात.

किलोमध्ये सांगायचे तर प्रत्येक किलोला साधारण १.१ गुण. एका मिनिटालाही एकच गुण. म्हणजे या पद्धतीत एक किलो जास्त वाहणे हे जवळपास एक मिनिट लवकर पोहोचण्याच्या तोडीचे ठरते.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एक स्वार खोगिरासह ७५ किलोचा आहे आणि तो पहिला आला. दुसरा ९५ किलोचा असून १२ मिनिटे उशिरा पोहोचला. दहांतला सर्वांत जड स्वारही तोच. वेळेचे गुण पहिल्याला २००, दुसऱ्याला १८८. वजनात २० किलोचा, म्हणजे ४४ पौंडांचा फरक. त्यामुळे दुसऱ्याला १०० आणि पहिल्याला ७८. बेरीज २७८ आणि २८८. मागून आलेला जड स्वार दहा गुणांनी पुढे गेला. आता पशुवैद्याने पाचपैकी एखाद्या बाबीत दहापैकी नऊऐवजी आठ दिले, तर ते दहा गुण पुसले जातात. वजनाला किंमत आहे. पण घोड्याच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांची किंमत त्याच्या पाचपट आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवतात. तिथे किमान वजन ठरलेले असते. वरिष्ठ गटाच्या सर्वोच्च स्पर्धांसाठी खोगिरासह ७५ किलो हा आकडा रूढ आहे. स्वार हलका असेल तर खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरे करायचे. हलक्यात हलका स्वार शोधून आणण्याची चढाओढ त्यामुळे थोडी आटोक्यात राहते. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर शिसे भरण्याचा हाच प्रकार हँडिकॅपमध्ये दिसतो. तिथे मात्र हेतू उलटा असतो: चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त भार टाकून शर्यत चुरशीची करायची.

गणितातली फट

या गुणपद्धतीत एक फट आहे. ती स्वाराचे वजन मोजते, घोड्याचे मोजत नाही. वरच्याच उदाहरणात ७५ किलोचा स्वार ३५० किलोच्या छोट्या अरबी घोड्यावर बसला असेल, तर घोड्याने स्वतःच्या वजनाच्या २१ टक्क्यांहून अधिक ओझे वाहिले. ९५ किलोचा स्वार ५०० किलोच्या घोड्यावर असेल, तर ते प्रमाण १९ टक्के. मेहनत कुणाची जास्त? प्रमाणाने बघितले तर छोट्या घोड्याची. गुण मात्र मोठ्या घोड्याला २२ जास्त.

मग घोड्याच्या वजनाशी असलेले प्रमाणच का मोजू नये? यावर अमेरिकेत एक उपयुक्त अभ्यास झाला आहे. १९९५ आणि १९९६ च्या टेव्हिस कपमधल्या घोड्यांचे वजन, स्वारांचे वजन आणि घोड्यांची शरीरस्थिती यांची नोंद घेऊन कोणते घोडे शेवटपर्यंत पोहोचले ते पाहिले. अपेक्षा अशी, की जास्त ओझ्याचे घोडे आधी गळतील. तसे घडले नाही. स्वाराचे वजन किंवा घोड्याच्या वजनाशी असलेले त्याचे प्रमाण यांचा पल्ला पुरा करण्याशी ठळक संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो घोड्याच्या अंगावरच्या मांसाचा आणि चरबीचा. टेक्सासमध्ये १९८३ साली मांडलेल्या शरीरस्थितीच्या मापात १ म्हणजे हाडांचा सापळा आणि ९ म्हणजे अतिलठ्ठ. मध्याच्या आसपास असलेले घोडे पोहोचत होते. बरगड्या मोजता येतील असे रोडावलेले घोडे वाटेत कोसळत होते.

याचा अर्थ वजन बिनमहत्त्वाचे, असा काढणे धोक्याचे ठरेल. ते घोडे वर्षानुवर्षे तयार केलेले होते, पोटभर खाणारे होते, दर काही तासांनी तपासले जात होते आणि त्यांच्यावरचे ओझेही एका मर्यादेतच होते. मर्यादेच्या आत असताना इतर गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात, एवढेच हा अभ्यास सांगतो. मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे दुसऱ्या प्रयोगांतून कळते.

पाठीला काय होते

अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्राण्यांच्या पाठीवर ओझे ठेवून त्यांना चालत्या पट्ट्यावर धावायला लावले आणि ते किती ऑक्सिजन वापरतात हे मोजले. त्यात उंदरापासून घोड्यापर्यंतचे प्राणी होते. निष्कर्ष सोपा निघाला: शरीराच्या वजनाच्या वीस टक्के ओझे वाढवले, की ऑक्सिजनचा खर्चही साधारण वीस टक्के वाढतो. ओझे फुकट वाहिले जात नाही. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून जास्त ओझे म्हणजे जास्त उष्णता, जास्त घाम आणि घामावाटे जास्त मीठ. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो. रणरणत्या उन्हात जोरात चालणारा घोडा तासाला दहा लिटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक घाम गाळू शकतो.

दुसरी गोष्ट दाबाची. स्वार काट्यावर ७० किलो भरला, तरी घोड्याच्या पाठीला जाणवणारा भार स्थिर नसतो. दुडकी चालीत प्रत्येक पावलाला तो जवळपास दुपटीपर्यंत जातो. मांड पक्की असलेला स्वार हा धक्का स्वतःच्या गुडघ्यांत आणि कमरेत जिरवतो. दमलेला किंवा नवखा स्वार पोत्यासारखा आदळत राहतो. म्हणून सारख्याच वजनाचे दोन स्वार घोड्याला सारखे जड वाटत नाहीत.

ओहायो राज्यात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून पाहिला. १५ आणि २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही. २५ टक्क्यांपासून नाडी चढली, दुसऱ्या दिवशी पाठीचे स्नायू दुखरे आणि ताठर झाले. रुंद कंबरेच्या आणि गुडघ्याखालची नळी जाड असलेल्या घोड्यांना हा त्रास कमी झाला. आइसलँडच्या छोट्या घोड्यांवरचा २०१७ चा अभ्यासही याच्याशी जुळतो. सरासरी २२.७ टक्के भारापाशी त्यांच्या रक्तात लॅक्टेट साचू लागले. म्हणजे तिथून पुढे स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा झाला. इंग्लंडमध्ये सहा घोडे आणि वेगवेगळ्या वजनांचे चार स्वार घेऊन केलेल्या छोट्या प्रयोगात जड आणि अतिजड स्वारांच्या सगळ्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण घोडे लंगडू लागले किंवा त्यांना वेदना होत असल्याची चिन्हे दिसली. स्वारांना विश्रांती मिळाल्यावर नव्हे, तर पाठ मोकळी झाल्यावर ते पूर्ववत झाले. तिथे खोगीर अंगाला नीट बसले नव्हते हाही भाग होता, आणि तो मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू आहे.

या सगळ्यातून हाती येणारा व्यवहारी आकडा एक पंचमांश. खोगीर, कपडे, सामान आणि माणूस मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओझे नको. अमेरिकी घोडदळाच्या १९२० सालच्या पुस्तिकेतही जवळपास हाच आडाखा होता.

भीमथडीचे तट्टू

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेली भीमथडीची तट्टे राज्यगीतात पोहोचली आहेत, पण शास्त्राच्या वहीत त्यांची नोंद अगदी अलीकडची. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत आढळणारा भीमथडी घोडा आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झंस्करी, स्पिती, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंगतीला तो बसला. ही नोंद शक्य झाली ती मुख्यतः धनगरांमुळे. घोडदळ गेले, संस्थाने गेली. पण मेंढरे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांनी आपल्या बिऱ्हाडासाठी हे घोडे राखले.

पावसाळा सरला की माण-खटावच्या, आटपाडी-जतच्या माळावरून मेंढरांचे कळप चाऱ्याच्या शोधात निघतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, वाकळा, वाघरीच्या जाळ्या, कोंबड्यांची टोपली, नुकतीच जन्मलेली कोकरे असे सगळे बिऱ्हाड असते. धडधाकट माणसे मात्र पायी चालतात. एंड्युरन्सचे मुरलेले स्वार हेच करतात. चढ आला की ते खाली उतरतात आणि घोड्याबरोबर चालतात. टेव्हिस कपच्या खड्या चढणीवर काही जण घोड्याची शेपटी धरून मागे चालतात. पाठीवरचे ६०-७० किलो काही मिनिटे उतरले, की नाडी किती पटकन खाली येते हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

भीमथडी घोडा उंचीने बेताचा, साधारण १३० सेंटीमीटर. उंच, डौलदार घोड्यांपुढे तो किरकोळ दिसतो. पण लांब पल्ल्याला लहान चण ही उणीव नसते. शरीर लहान असेल तर वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ जास्त असते आणि उष्णता लवकर बाहेर पडते. अरबी घोडे या खेळात पुढे असण्याचे हेही एक कारण आहे. मात्र लहान चणीबरोबर एक बंधन येते: एक पंचमांशाचा हिशेब लवकर संपतो.

घोड्याचे वजन काट्याशिवाय काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजायचा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून ११,८८० ने भागले, की अंदाजे किलो मिळतात. घेर १५० आणि लांबी १४५ असेल, तर वजन येते सुमारे २७५ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५५ किलो. त्यातून खोगीर आणि गादीचे सात-आठ किलो वजा केले, तर माणसासाठी उरले ४७.

टेबललँडवर पंच कोण?

पाचगणी-महाबळेश्वरला सगळे घोडे सारखे नसतात. काही उंच, भरदार असतात, काही तट्टांच्या चणीचे. पण तिथे येणाऱ्या पर्यटकांत ४७ किलोचे प्रौढ किती असतील? ऐंशी किलोचे वडील पुढ्यात वीस किलोच्या मुलाला घेऊन बसतात आणि फोटो निघतो, तेव्हा खोगिरासकट १०८ किलो एका पाठीवर असतात. २७५ किलोच्या तट्टासाठी हे प्रमाण ३९ टक्के झाले. एंड्युरन्सच्या कोणत्याही मैदानावर पशुवैद्याने हा घोडा पुढे जाऊ दिला नसता.

कायदा याबाबत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यात तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो, गाढवावर ५० आणि खेचरावर २०० किलो अशी मर्यादा आहे. जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत अजिबात नाही. नियम लिहिताना डोळ्यांपुढे मालवाहू जनावरे होती. पण पाठीला पोते आणि पर्यटक यांतला फरक कळत नाही. उलट, पोते निदान आदळत नाही.

ग्रीसने २०१८ मध्ये हा प्रश्न पर्यटनाच्या संदर्भातच सोडवला. सँटोरिनी बेटावरच्या उभ्या पायऱ्यांवरून पर्यटकांना वाहणाऱ्या गाढवांसाठी १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा अशी मर्यादा घालण्यात आली. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये खेचरावरून दरीत उतरायचे तर स्वाराच्या वजनाला मर्यादा आहे. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. विमानात बॅगेचे वजन करतो, तसेच ते.

आपल्याकडे ही जबाबदारी एकट्या घोडेवाल्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. त्याचा हंगाम चार महिन्यांचा आणि घोड्याचा दाणा-चारा बारा महिन्यांचा. समोर आलेल्या जाड गिऱ्हाइकाला तो एकटा नाही म्हणाला, तर ते शेजारच्या घोड्यावर बसणार. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा. घोड्यांच्या थांब्यावर एक वजनकाटा, प्रत्येक घोड्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर त्याने किती किलो वाहायचे तो आकडा, जड माणसासाठी मोठा घोडा आणि त्याचा थोडा जास्त दर, एवढ्याने बरेच साधेल. हंगामात आठवड्यातून एकदा पशुवैद्याने नाडी, पाठ आणि पाय तपासले, तर एंड्युरन्समधली निम्मी शिस्त टेबललँडवर आली म्हणायची. घोडा जास्त वर्षे टिकला, तर त्यात घोडेवाल्याचाच सर्वांत मोठा फायदा आहे.

तोवर पंचाची भूमिका आपल्यालाच करावी लागेल. घोड्यावर बसण्याआधी तीन गोष्टी पाहता येतात. बरगड्या दुरूनच मोजता येत असतील, तर तो घोडा नको. खोगिराच्या कडेला केस गेलेले, पांढरे पडलेले किंवा ओले चट्टे असतील, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत घोड्याची पाठ लागली असेल, तर तो घोडा नको. चार पावले चालवून बघायला सांगा. मान प्रत्येक पावलाला वरखाली झटकत असेल, तर तो लंगडतो आहे. यातले काही नसेल, तरीही आपले वजन आणि घोड्याची चण यांचा मनात हिशेब करा. सत्तर किलोच्या पुढे असाल, तर लहान तट्टावर स्वतः बसण्यापेक्षा मुलाला बसवा आणि लगाम धरून शेजारून चाला. मूल आणि आपण दोघे एकाच घोड्यावर, हे तर कधीच नको.

लांब पल्ल्याच्या घोडदौडीतल्या गुणपत्रिकेत वजनाला आठशेपैकी शंभर गुण आहेत आणि घोड्याच्या तब्येतीला पाचशे. ही विभागणी करणाऱ्यांना एक गोष्ट उमगली होती. स्वार किती किलोचा, हे काटा सांगतो. ते किलो त्या घोड्याला झेपले का, हे त्याची नाडी, पाठ आणि पावलेच सांगतात. धनगराने हा हिशेब कागदावर कधी मांडला नाही. तो बिऱ्हाड घोड्यावर लादतो आणि आपण पायी चालतो.